संपफोड्याच्या घरचा चहा

आमच्या चाळीत मार्क्स दर रविवारी सकाळी यायचा आणि जेवूनच जायचा.

यायचा तो कमळाकरभाऊंच्या घरी. कमळाकरभाऊ अंबरनाथच्या एमआयडीसीत एका वायर कंपनीत कामाला होते आणि तिथल्या युनियनचे सेक्रेटरी होते. त्यांची खोली आणि माझी खोली भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्यांच्या अभ्यासवर्गाला मी एकदाही बसले नाही, तरी माझा एकही वर्ग चुकलेला नाही. चार-पाच पुरुष जमायचे, चटईवर पुस्तक मध्ये ठेवायचे आणि एकमेकांना 'कॉम्रेड' म्हणत भांडायचे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खाली दोन दाढीवाले परदेशी. कमळाकरभाऊंची आई बनूबाई आल्यागेल्याला विचारायची, या दोघांतला थोरला कोण आणि धाकटा कोण? कुणी 'लाल सलाम' म्हटलं की ती 'जयभीम' म्हणून उत्तर द्यायची आणि तिच्यापुरतं राजकारण तिथेच संपायचं.

मला सांगायचं आहे ते मात्र पडद्यामागच्या बाईबद्दल. त्या खोलीचाच मागचा तुकडा म्हणजे स्वयंपाकघर, मध्ये जुन्या साडीचा पडदा. पडद्याच्या पुढे शोषणाची चर्चा चालायची आणि मागे वेणूवहिनी चहा उकळायच्या. कमळाकरभाऊंची ही बायको. वांगणीची, सातवी पास, अंगाने किरकोळ, आवाज मात्र असा की नळावर त्यांनी 'सरका' म्हटलं की बादल्याही सरकायच्या.

नवरा वाईट होता असं नाही, उगाच पाप कशाला बोलू? दारू नाही, मारझोड नाही, हुंडा घेतला नाही, पगार आणून हातात द्यायचे. चाळीतल्या बायका म्हणायच्या, वेणूने नशीब काढलं. मोर्चात बायका कमी पडल्या की ते वहिनींना आणि मला झेंडा धरायला न्यायचे. आठ मार्चला महिला दिनाचा कार्यक्रम ठेवायचे, आणि त्या दिवशी सगळ्यांचे पोहे वहिनी करायच्या. स्त्रीमुक्तीवरची इतकी भाषणं त्यांच्या घरात झाली, पण एकही त्यांनी बसून ऐकलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, पडद्यामागून ऐकू येतच असेल की. येत होतं, पण अर्धं. कुकरची शिट्टी झाली की वाक्य बुडायचं. त्यामुळे मालक कामगाराला लुटतो कसा हे वहिनींना नीट पाठ होतं, पण त्यावर पुढे करायचं काय, हे दर वेळी शिट्टीत जायचं. ते शेवटी त्यांनी स्वतःच ठरवलं. साल दोन हजार चार.

तेव्हा आम्ही बायका घरी जीन्सचे धागे कापायचो. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये, म्हणजे पाच नंबरला, जीन्सचे कारखाने आहेत, तिथून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे आणायचे, शिवणीला लोंबणारे धागे कटरने कापायचे आणि माल परत नेऊन द्यायचा. आमचा शेठ हासानंद. त्याच्या गाळ्यावर माणूस एकेक पँट उलटीसुलटी करून तपासायचा आणि आम्ही बाहेर फुटपाथवर बसून राहायचो, कधी कधी अर्धा दिवस. गाळ्यात संडास होता. त्याला कुलूप होतं आणि चावी शेठच्या ड्रॉवरमध्ये. मागितली तर म्हणायचा, "लेडीज के लिए नहीं है, बाई."

पुरुषांचं बरं असतं. त्यांना भिंत पुरते. आम्ही माल द्यायच्या दिवशी सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. त्या उन्हाळ्यात वेणूवहिनींना लघवीची इतकी जळजळ सुरू झाली की ताप भरला. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या. वहिनी म्हणाल्या, डॉक्टर, पिण्याचं नाही हो, पुढचं सांगा. घरी येऊन त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या आणि मला त्या शेठचा असा संताप आला की हातात कटर होतं ते बाजूला ठेवलं.

बऱ्या झाल्यावर एका रविवारी त्या पडदा बाजूला करून वर्गात आल्या. चहाचा ट्रे खाली ठेवला आणि तिथेच उभं राहून म्हणाल्या, "युनियनने आमच्या संडासाचं बघावं."

चटईवरचे हात आधी कपांकडे गेले. मग कमळाकरभाऊ अगदी प्रेमाने म्हणाले, "वेणू, तुझं म्हणणं बरोबर आहे. पण हा सोयीचा प्रश्न झाला, वर्गाचा नाही. आधी मूळ प्रश्न सुटू दे, मग हे आपोआप सुटेल."

त्यांचे सोबती दौलतराव, म्हणजे वयाने आणि पोटाने वर्गातले सर्वांत ज्येष्ठ, त्यांनी बिस्किट बुडवत भर घातली, "आणि वहिनी, टेक्निकली तुम्ही कामगार नाही ना. तुम्हाला गेट नाही, कार्ड नाही. तुम्ही घरीच असता."

वहिनींनी ट्रे उचलला आणि पडद्यामागे गेल्या. त्या दिवशी दौलतरावांना दुसरा चहा मिळाला नाही.

मग आम्ही बायका माझ्या ओट्यावर जमलो. वहिनींनी बेत मांडला. शेठचा सणाचा माल निघायचा आहे आणि तो सगळा गठ्ठ्यांमध्ये बांधलेला आपल्या घरात पडलाय. हात लावायचा नाही. कापायचा नाही आणि परतही द्यायचा नाही. शेठ विचारायला आला की सांगायचं, चावी. एवढंच, दुसरं काही नाही. पुरुषांना मात्र कळू द्यायचं नाही.

"का?" बबनची बायको म्हणाली. बबन हा अभ्यासवर्गातला तिसरा. "ते तर संपवालेच आहेत."

"म्हणूनच," वहिनी म्हणाल्या. "त्यांना सांगितलं की आधी बॅनर येणार, मग अध्यक्ष येणार, आणि आपण परत चहाला."

सगळ्यांना पटलं. बनूबाईपासून काही लपत नाही म्हणून तिला तेवढं सांगितलं आणि बजावलं, कमळ्याला कळता कामा नये. म्हातारीने गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली.

इथे त्या बदलापूरच्या शिबिराचं सांगायला हवं. त्याच आठवड्यात कमळाकरभाऊ, दौलतराव आणि बबन बदलापूरला दोन दिवसांच्या अभ्यास शिबिराला गेले होते. तिथे पुण्याच्या कुणी प्राध्यापक बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, बाई घरात फुकट राबते म्हणून मालकाला कामगार स्वस्तात मिळतो, तेव्हा क्रांतीची वाट बघत बसू नका, आज घरी जा आणि घरातलं अर्धं काम उचला. शेवटी शपथ झाली. पहिला हात कमळाकरभाऊंचा. हे नंतर त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांचे डोळे भरले होते. माणूस खरंच हलला होता. सगळा घोटाळा तिथूनच झाला. न हलता तर आमचा संप सुखाने चालला असता.

रविवारी मी आणि वेणूवहिनी बदलापूरला शिरगावला गेलो होतो. तिथल्या बायकाही हासानंदचा माल न्यायच्या. त्यांची पुढारी रखमा, जरा संशयी बाई. म्हणाली, "तुमचा नवरा युनियनचा माणूस. आम्ही अडकू आणि तुमचं कुठं तरी जमेल." वहिनींनी तिला शब्द दिला, की माझ्या घरातून एकही पँट जाणार नाही, गेली तर माझं नाव घेऊन थुंक. रखमाने मान हलवली आणि शिरगाव आमच्यात आलं. परत येताना वहिनी इतक्या खूश होत्या की रिक्षात गाणं म्हणत होत्या.

आम्ही तिकडे शब्द देत होतो तेव्हा इकडे काय चाललं होतं, ते बनूबाईने नंतर सविस्तर सांगितलं. सकाळी नेहमीप्रमाणे वर्ग जमला. कमळाकरभाऊ म्हणाले, "कॉम्रेड, आज पुस्तक नाही. आज प्रॅक्टिकल." त्यांनी खोली झाडली. भांडी घासली. भात लावला, तो थोडा लागला. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे गेली.

"बघा," ते म्हणाले, "आजारातून उठली आणि एवढं काम पडलंय तिचं."

तिघे मांडी घालून बसले. दौलतराव आणि बबन आपापल्या घरी जाऊन बायकांचे गठ्ठेही घेऊन आले, कारण शपथ त्यांनीही घेतली होती आणि त्यांच्याही बायका नेमक्या बाहेर होत्या. कामगारांची गाणी म्हणत त्यांनी दुपारपर्यंत सगळे धागे कापले. कटर सापडेना तर बनूबाईने ते डब्यातून काढून दिलं. आणि बायकोला डोक्यावर ओझं नको, म्हणून रिक्षा करून स्वतःच माल पाच नंबरला पोचवून आले.

आम्ही घरात पाऊल टाकलं तेव्हा कमळाकरभाऊ दारातच उभे होते. हातात कपबशी.

"बस," ते वहिनींना म्हणाले. "आज मी केलाय."

इतक्या वर्षांच्या संसारातला नवऱ्याच्या हातचा पहिला चहा. वहिनींचा चेहरा एवढा मऊ झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी कप घेतला, ओठापर्यंत नेला, आणि कपावरून त्यांना रिकामा कोपरा दिसला.

"गठ्ठा कुठंय?"

"पोचवला," कमळाकरभाऊ म्हणाले. "तिघांनी मिळून केला. दौलतरावच्या घरचा पण, बबनच्या पण. आणि काय गं, तुमचा शेठ तर चांगला माणूस आहे. खुर्च्या दिल्या, कोल्ड्रिंक मागवलं. दौलतरावला लघवीला लागली, तर त्याने विचारायच्या आत ड्रॉवर उघडून चावी काढून दिली."

मी तोंडावर पदर घेतला. हसू आवरायला की रडू, ते आजही सांगता येणार नाही.

वहिनींनी कप बशीत ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "अहो, आमचा संप चालू होता."

"कसला संप?"

"त्याच चावीचा."

कमळाकरभाऊंनी आईकडे पाहिलं. "आई, तुला ठाऊक होतं?"

"होतं की," बनूबाई म्हणाली. "पर तुला सांगायचं नव्हतं. शपथ हाय. आन् तू घरात पैल्यांदाच कामाला बसला होता, म्हनलं कशाला उठवू."

वहिनींनी बशी त्यांच्याकडे सरकवली. "संपफोड्याच्या घरचा चहा मी पीत नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे येऊन बसल्या.

हे वाक्य त्यांचं नव्हे, कमळाकरभाऊंचं. मागे वायर कंपनीत संप झाला तेव्हा सदू नावाचा कामगार गुपचूप कामावर गेला होता. कमळाकरभाऊंनी गेट मीटिंगमध्ये जाहीर केलं होतं, संप फोडणाऱ्याच्या घरचा चहा कुणी प्यायचा नाही. अख्ख्या चाळीने ते पाळलं होतं. सदूच्या लेकीच्या बारशाला भांडंभर चहा तसाच राहिला होता.

आता तोच नियम त्यांच्या उंबऱ्यावर बसला. वहिनी घरात स्वयंपाक करायच्या, जेवायच्या, झोपायच्या. चहा तेवढा माझ्याकडे येऊन प्यायच्या. बनूबाईही त्यांच्या मागोमाग यायची, कारण नियम म्हणजे नियम. कमळाकरभाऊ रोज सकाळी चहा करून ठेवायचे आणि तो रोज निवायचा. आलं घालून पाहिलं, वेलची घालून पाहिली. एकदा भिंतीपलीकडून त्यांनी मला विचारलं, "मनालीची आई, साखर कमी पडते का हो?" मी म्हटलं, "साखरेचं काही नाही, भाऊ."

हसत होतो खरं, पण वहिनींचा जीव थाऱ्यावर नव्हता. शिरगावला बातमी पोचली होती. युनियनवाल्याच्या बायकोने तोंडाने संप केला आणि मागच्या दाराने नवऱ्याबरोबर माल पाठवला. रखमा चार बायका घेऊन माझ्या ओट्यावर येऊन उभी राहिली. थुंकली नाही, पण म्हणाली, "आमचे गठ्ठे अजून घरात आहेत. आम्ही उद्या देऊन टाकतो." तसं झालं असतं तर संप मोडलाच असता, आणि पुन्हा वहिनींच्या शब्दावर एक बाई उठली नसती.

वहिनींनी सफाई दिली नाही. त्या गेल्या आणि नवऱ्याला घेऊन आल्या. कमळाकरभाऊ आमच्यासमोर उभे राहिले. गेटवर हजार माणसांपुढे बोलणारा माणूस, ओट्यावर हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"तुम्हाला संप माहीत होता?" रखमाने विचारलं.

"नाही. आईची शपथ."

"मग माल का कापला?"

"मला वाटलं, घरकामात मदत करतोय. अर्धं उचलायचं ठरवलं होतं."

"घरकाम?" वहिनी म्हणाल्या. "पँट शेठची, धागा शेठचा, माल शेठ विकणार. आणि ते घरकाम?"

कमळाकरभाऊंनी तोंड उघडलं. पुस्तकातलं काहीतरी येणार असं मला वाटलं. वहिनींनी ते येऊच दिलं नाही.

"तुम्ही वायर ओढता ते काम," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या संपात मी कंपनीत येऊन तुमच्या मशीनवर बसले आणि म्हटलं, अहो, मी तर नवऱ्याला मदत करतेय, तर मला काय म्हणाल?"

त्यांनी एकदा वहिनींकडे, एकदा रखमाकडे पाहिलं. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी तुमचा संप फोडला."

रखमाने वहिनींकडे पाहिलं आणि ओट्यावर टेकली. तिची खात्री पटली होती. बाई नवऱ्याशी संगनमत करून असं बोलू शकते, पण नवरा बायकोशी संगनमत करून असं बोलत नाही, असं ती नंतर मला म्हणाली.

कमळाकरभाऊंनी लगेच मार्ग काढला. "मी येतो उद्या शेठकडे. मी बोलतो. पाच मिनिटांत—"

"बोलायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "नुसतं बसायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही उरलेले न कापलेले गठ्ठे घेऊन पाच नंबरला गेलो आणि गाळ्याच्या दारात त्यांच्यावरच बसलो. आमच्या चाळीतल्या बायका, शिरगावच्या बायका, आणि कडेला रजा टाकून आलेले तीन संपफोडे. येताना नाक्यावर आम्ही सगळ्यांनी चहा घेतला, वर उसाचा रसही घेतला. वहिनींनी मुद्दाम घ्यायला लावला होता. त्या तिघांच्याही घशाखाली तो आमच्यादेखत गेला.

हासानंद शेठ बाहेर आला. एवढ्या बायकांवरून त्याची नजर फिरली आणि बरोबर कमळाकरभाऊंवर थांबली. त्याने आत खुर्ची मांडायला सांगितली.

"साईं, आप तो पिछले हफ्ते ही माल दे के गए. आज क्या हो गया? आओ, अंदर बैठ के बात करते हैं."

वाटाघाटीला खुर्ची आली आणि कमळाकरभाऊ उठले नाहीत, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. तेव्हाही ते सवयीने उठले. चप्पल घातली. दोन पावलं गेले. मी वहिनींकडे पाहिलं. त्या त्यांच्याकडे बघतच नव्हत्या, समोर रस्त्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा हात गठ्ठ्याच्या सुतळीत रुतला होता. इतकी वर्षं भिंतीपलीकडून त्यांना ऐकलं, पण त्यांना घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं.

कमळाकरभाऊ थांबले. "शेठ, मैं बात नहीं कर सकता," ते म्हणाले. "मैंने इनका स्ट्राइक तोड़ा है. बात इनसे करो."

"ये कौन?"

"लीडर."

"और आप?"

"मैं इनका घरवाला," ते म्हणाले आणि परत येऊन खाली बसले.

वहिनी उठल्या, पदर खोचला आणि आत जाऊन त्या खुर्चीत बसल्या. दार बंद झालं.

शेठ काही लगेच ऐकणारा नव्हता. ऊन चढलं. आतून कधी त्याचा आवाज यायचा, कधी वहिनींचा. बाहेर दौलतरावांची चुळबुळ सुरू झाली. मग बबनची. रसाने आपलं काम चोख केलं होतं. दौलतराव कमळाकरभाऊंना हळूच म्हणाले, "चल रे, मागं भिंत आहे."

"बस खाली," कमळाकरभाऊ म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "ह्या जाऊ शकतात का भिंतीला?"

"अरे, पण आपण—"

"बस."

दौलतराव बसले. ते तसे का बसलेत हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं आणि आमच्यातल्या एकीनेही दया दाखवली नाही. रखमाने तर पाण्याची बाटली काढली आणि विचारलं, "घेता का थोडं?"

वहिनी बाहेर आल्या तेव्हा चावी त्यांच्या मुठीत होती. रोज मिळणार, मागावी लागणार नाही, खिळ्याला टांगलेली राहणार, आणि साफसफाईला शेठ माणूस लावणार, हेही त्यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. बायका उठून उभ्या राहिल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण रांग लावायची घाई होती. पहिली रखमा, मग शिरगावच्या म्हाताऱ्या, मग आम्ही.

कमळाकरभाऊ उठले, एक हात भिंतीला टेकून चालत आले आणि बायकांच्या रांगेमागे उभे राहिले. त्यांच्यामागे दौलतराव, त्यांच्यामागे बबन. वहिनींनी मागे वळून त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं.

"सावकाश जा गं," त्या आम्हाला म्हणाल्या. "कुणालाही घाई नाही."

आणि आम्ही अजिबात घाई केली नाही.